रात्री एकचा स्पीकर आणि काउंटीचा कायदा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेजाऱ्यांच्या आवाजाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि इनबॉक्स भरून गेला. गंमत म्हणजे बहुतेक पत्रं शहरातल्या लोकांची नाहीत, अमेरिकेत जे भाग कुठल्याच शहराच्या हद्दीत येत नाहीत, थेट काउंटीच्या (साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या) कारभाराखाली असतात, ज्यांना इथे अनइन्कॉर्पोरेटेड म्हणतात, तिथल्यांची आहेत. आपली निम्मी मंडळी अशाच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, घर घेऊन बसलीयेत आणि आवाजाचा त्रास सुरू होईपर्यंत कोणाला ते माहीतही नसतं. पत्रं थोडी कापलीयेत, नावं काढलीयेत.

प्रश्न : आमचं घर साउथ फोरसाइथमध्ये, पत्त्यात मात्र 'कमिंग, जॉर्जिया'. मागच्या घरात दर शुक्रवार-शनिवार पूलपार्टी, स्पीकर बाहेर अंगणात, रात्री एक-दीडपर्यंत. शहराच्या पोलिसांना फोन केला तर म्हणाले तुमचं घर आमच्या हद्दीत नाही. पत्ता तर कमिंगचाच आहे ना? मग आम्ही नक्की कोणाच्या हद्दीत? – एक वाचक

पत्त्यावर जाऊ नका. पत्त्यातलं शहराचं नाव हे पोस्टाच्या सोयीचं असतं, कुठल्या पोस्ट ऑफिसातून तुमची पत्रं निघतात एवढंच ते सांगतं. फोरसाइथ काउंटीत शहर म्हणून एकच, कमिंग, आणि त्याची खरी हद्द लहानशी आहे, बाकी पसरलेली सगळी घरं थेट काउंटीत. म्हणजे तुमचं 'लोकल गव्हर्नमेंट' काउंटीचं कमिशनर्स बोर्ड आणि तुमचे पोलिस म्हणजे शेरीफचे डेप्युटी. खात्री करायची तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा, त्यात शहराच्या टॅक्सची ओळ आहे का बघा, नसेल तर बहुतेक तुम्ही शहराबाहेर. किंवा काउंटीच्या साइटवर नकाशा असतो, त्यात पत्ता टाकला की हद्द दिसते, पाच मिनिटांचं काम आहे आणि हे काम रात्री एक वाजता डोकं फिरलेलं असताना न करता आज दुपारीच करून ठेवा.

आता पुढचं. काउंटीचे सगळे नियम 'कोड ऑफ ऑर्डिनन्सेस' नावाने ऑनलाइन असतात, बऱ्याच काउंटींचे म्युनिकोडच्या साइटवर मिळतात. त्यात 'नॉइज' शोधा आणि तीन गोष्टी वाचा : रात्रीची वेळ किती ते किती धरलीये, आवाज मोजायचा कसा (डेसिबलमध्ये, का 'अमुक फुटांवरून स्पष्ट ऐकू आला तर' असा), आणि अंमलबजावणी कोणाकडे. ही तिसरी गोष्ट लोक हमखास सोडतात आणि तिथेच फसतात. कोड एन्फोर्समेंटचं ऑफिस सहसा सोमवार ते शुक्रवार दिवसा चालतं, शनिवारच्या रात्री तिथे कोणी फोन उचलत नाही, त्यामुळे चालू पार्टीसाठी शेरीफचा नॉन-इमर्जन्सी नंबर, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्रासासाठी कोड एन्फोर्समेंटकडे लेखी तक्रार, असे दोन वेगळे रस्ते आहेत. ९११ लावू नका, हाणामारी किंवा गोळीबार असेल तर गोष्ट वेगळी.

डेप्युटी आला की पहिल्यांदा बहुधा तो समज देऊन जातो. लोक वैतागतात की काहीच केलं नाही म्हणून, पण त्या भेटीची नोंद राहते आणि तीच पुढे कामाला येते. जॉर्जियात काउंटीच्या ऑर्डिनन्सचा भंग मॅजिस्ट्रेट कोर्टात जातो आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे दंड जास्तीत जास्त १,००० डॉलर किंवा ६० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात दंड यापेक्षा खूप कमी होतो, पण तिथपर्यंत जायला कोणीतरी शपथेवर सांगायला लागतं की अमुक तारखेला अमुक वाजता माझ्या बेडरूममध्ये खिडकी बंद असताना गाण्याचे शब्द ऐकू येत होते. म्हणून वही ठेवा. तारीख, सुरू कधी झालं, थांबलं कधी, घरात कुठे ऐकू आलं, कोणाला फोन केला, केस नंबर काय दिला. 'रोज रात्रभर धिंगाणा असतो' या वाक्याला कोर्टात शून्य किंमत आहे.

आणि हो, हे सगळं करायच्या आधी दिवसाउजेडी जाऊन एकदा शेजाऱ्याशी बोललात का? पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारतोय. पूलपाशी लावलेला स्पीकर मागच्या घराच्या वरच्या मजल्यावर किती येतो हे बहुतेकांना खरंच माहीत नसतं.

प्रश्न : केटी, टेक्सास. शेजारच्या मुलाने गॅरेजमध्ये ड्रमसेट आणि मोठे सबवूफर लावलेत. डेप्युटी येऊन सरळ म्हणाला, काउंटीला नॉइज ऑर्डिनन्सच नाहीये. एवढ्या मोठ्या काउंटीला साधा आवाजाचा नियम नाही हे पटत नाही, तो टाळतोय का? – एक वाचिका

ताई, टाळत नसावा. पटणार नाही पण टेक्सासची रचनाच तशी आहे. तिथे शहरांची लोकसंख्या ५,००० च्या वर गेली की त्यांना स्वतःचं चार्टर, म्हणजे शहराची घटना, करून 'होम रूल' घेता येतं आणि मग राज्याने मनाई केली नसेल ते नियम ती करू शकतात, पण काउंटीचं उलट आहे, विधिमंडळाने जेवढं स्पष्ट दिलंय तेवढंच काउंटी करू शकते, आणि घरगुती आवाजावर सरसकट नियम करायचा अधिकार त्यात सहसा येत नाही. हॅरिस काउंटीत शहरांच्या हद्दीबाहेर सुमारे २० लाख लोक राहतात, म्हणजे कितीतरी मोठ्या शहरांपेक्षा जास्त, तरी ही गत. त्यात केटीचं अजून एक, ते शहरच हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंटींत पसरलंय आणि 'केटी' पत्ता असलेली कित्येक घरं शहरात नाहीतच. तेव्हा आधी तुमची काउंटी कुठली ते पक्कं करा.

पण काउंटीचा नियम नाही म्हणजे कायदाच नाही असं नव्हे. राज्याचा पीनल कोड आहे, कलम ४२.०१, डिसऑर्डरली कंडक्ट. त्यात दुसऱ्याच्या राहत्या घराजवळ अवाजवी आवाज करणं हा गुन्हा आहे. त्यात ८५ डेसिबलचा आकडा आहे आणि लोक तिथे गोंधळतात. ८५ च्या खाली सगळं चालतं असा त्याचा अर्थ नाही. आवाज करणाऱ्याला मॅजिस्ट्रेटने किंवा पोलिसाने 'हा आवाज लोकांना उपद्रव आहे' अशी सूचना दिली आणि त्यानंतरही आवाज ८५ च्या वर गेला, तर कायदा तो अवाजवी आहे असं धरूनच चालतो, सिद्ध करायची कटकट कमी होते. त्याखालचा आवाजही अवाजवी ठरू शकतो, फक्त मग ते दाखवून द्यावं लागतं. गुन्हा क्लास सी, दंड ५०० डॉलरपर्यंत. म्हणून पुढच्या वेळी डेप्युटी आला की ऑर्डिनन्सबद्दल वाद घालू नका, शांतपणे ४२.०१ चं नाव घ्या आणि विचारा की तुम्ही त्यांना तशी सूचना देऊन त्याची नोंद करू शकता का. चांगला डेप्युटी असेल तर लगेच कळतं त्याला तुम्ही काय म्हणताय ते.

अजून एक वाट आहे जी फार कोणाला माहीत नसते. टेक्सासमधलं होम रूल शहर स्वतःच्या हद्दीबाहेर ५,००० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण दीड किलोमीटर, उपद्रव ठरवून त्याला मनाई करू शकतं. तुमचं घर तसं जवळ असेल तर त्या शहराच्या ऑर्डिनन्समध्ये नॉइजचा नियम हद्दीबाहेर लागू केलाय का ते बघा. सगळ्या शहरांनी केलेला नसतो.

आणि खरं सांगू का, केटीसारख्या भागात सगळ्यात जवळचं सरकार म्हणजे एचओए, वसाहतीतल्या घरमालकांची संघटना. काउंटीला जे जमत नाही ते एचओए करते कारण तो कायदा नाही, करार आहे, घर घेताना तुम्ही आणि त्या मुलाच्या आईवडिलांनी दोघांनीही सीसी अँड आरच्या, म्हणजे वसाहतीच्या नियमांच्या, गठ्ठ्यावर सही केलीये, न वाचता केली असेल ती गोष्ट वेगळी. त्यात 'न्यूसन्स' नावाचं कलम जवळपास नेहमी असतं. मॅनेजमेंट कंपनीला ईमेल करा, कलमाचा नंबर टाकून. एचओए जाचक असते, गवत अर्धा इंच वाढलं की पत्र पाठवते, सगळं मान्य, पण अशा वेळी तीच कामाला येते. तेही फसलं तर जस्टिस कोर्टात नुकसानभरपाईचा दावा करता येतो, २०,००० डॉलरपर्यंत, पण त्या घरासमोर तुम्हाला अजून किती वर्षं राहायचंय याचा विचार आधी करा.

प्रश्न : आम्ही हॅसिएंडा हाइट्सला राहतो, लॉस एंजेलिस काउंटी. शेजाऱ्याच्या स्विमिंग पूलचा पंप रात्रभर घूं घूं करतो. मी फोनवरच्या अ‍ॅपने मोजलं तर ५२ आला, काउंटीची रात्रीची मर्यादा ४५ आहे असं वाचलं. केस पक्की ना? – एक वाचक

वाचलंत ते बरोबर आहे, आणि शहराबाहेरच्या भागासाठी काउंटीचाच कोड लागू होतो हेही बरोबर. राहत्या भागात रात्री १० ते सकाळी ७ बाहेरची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५०. पण आकडा एकटा वाचून चालत नाही. ही मूळ मर्यादा तासात एकूण ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ ओलांडली तर भंग होतो, त्याहून थोड्या वेळासाठी आवाज जास्त चालतो. पंप सलग चालत असल्यामुळे तुम्ही इथे जिंकता. पण दुसरी अट बघा, त्या जागेचा मूळचाच आवाज, म्हणजे फ्रीवे वगैरेचा, ४५ च्या वर असेल तर तो मूळचा आवाजच मर्यादा बनतो. तुमच्या इथून ६० नंबरचा फ्रीवे जवळच आहे. पंप बंद असताना किती येतो ते मोजलंत का? तो ५० आला तर तुमची केस २ डेसिबलवर आली, आणि २ डेसिबल ही फोनच्या अ‍ॅपची चूकच असते.

फोनबद्दल : त्यातल्या त्यात बरं म्हणजे निऑशचं साउंड लेव्हल मीटर अ‍ॅप, सरकारी संस्थेचं आहे, फुकट आहे, आयफोनवरच चालतं. पण तेही स्वतःची कल्पना यावी म्हणून. काउंटीचा माणूस स्वतःचं कॅलिब्रेट केलेलं मीटर आणणार. फोन खिडकीत किंवा भिंतीला चिकटवून धरू नका, भिंतीवरून आवाज उलटून आकडा फुगतो, प्रॉपर्टी लाइनवर मोकळ्यात धरा.

लॉस एंजेलिस काउंटीत याची तक्रार पब्लिक हेल्थ खात्याकडे जाते, शेरीफकडे नाही. यंत्राचा आवाज हा त्यांच्याच कामाचा विषय आहे. आणि तुमचा तो 'घूं' एकाच सुरातला आहे ना, तर कोडमध्ये एकसुरी आवाजासाठी वेगळा, जास्त कडक नियम आहे का विचारा, ऑरेंज काउंटीच्या कोडमध्ये तशा आवाजाला मर्यादा आणखी ५ डेसिबलनी खाली येते, कारण तो कानाला जास्त टोचतो. पंपाच्या जागी एसी असता तर मात्र हे आकडे लावू नका, घरगुती एसीसाठी कोडात वेगळं कलम आहे.

सोपा उपाय शेजाऱ्याला सुचवा की : पंपाचा टायमर दिवसावर टाक, किंवा पंपाखाली रबरी पॅड घाल. पॅड स्वस्तात येतो. तुम्हीच आणून दिलात तरी केसपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : आम्ही प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला आहोत. अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया. गणपतीसाठी आमच्या ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस एकाच्या घरामागच्या मोकळ्या जागेत असते, शनिवारी संध्याकाळी, नऊच्या आत थांबतो. तरी कोणीतरी शेरीफला बोलावलं. दिवसा तर परवानगी असते ना? आणि हे धार्मिक आहे, त्याला सूट नाही का? – पथकातले आम्ही सगळे

पत्र वाचून आधी हसू आलं, मग तुमच्या शेजाऱ्यांची दया आली. अहो, पंधरा-वीस ढोल आणि चार ताशे सबडिव्हिजनमध्ये!

अ‍ॅशबर्न हे शहर नाही, लाउडन काउंटीचा शहराबाहेरचा भाग, त्यामुळे नियम काउंटीचे. आणि 'रात्री दहापर्यंत काहीही चालतं' हा आपल्याकडे पक्का बसलेला गैरसमज आहे. रात्रीची वेळ सुरू झाली की नियम कडक होतात एवढंच, दिवसाही मर्यादा असतात.

व्हर्जिनियात या विषयाला एक इतिहास आहे. पूर्वी बऱ्याच ठिकाणी नियम असा होता की शहाण्या माणसाला त्रास होईल असा मोठा आवाज करू नये. २००९ मध्ये व्हर्जिनियाच्या सुप्रीम कोर्टाने व्हर्जिनिया बीच शहराचा तसा नियम रद्द केला, कारण कोणाला कशाचा त्रास होईल हे आवाज करणाऱ्याला आधी कसं कळणार, ते तर आलेल्या पोलिसाच्या मर्जीवर राहतं. मग राज्यभर काउंटींना नियम नव्याने लिहावे लागले आणि ते जास्त मोजता येण्यासारखे झाले : अमुक डेसिबल, किंवा बंद दारंखिडक्यांच्या आत स्पष्ट ऐकू आलं तर. ही दुसरी कसोटी तुम्हाला महागात पडेल. बंद खिडकीतून ढोल ऐकू येतोच.

कारण साधं आहे. डेसिबल मीटर सहसा 'ए' वेटिंगवर मोजतो, आणि ते माणसाच्या कानासारखं असल्यामुळे खर्जाचा आवाज कमी धरतं. ढोलाचा दणका खर्जातला, त्यामुळे मीटरवर आकडा बेताचा दिसतो आणि शेजारणीच्या कपाटातली भांडी मात्र वाजतात. भिंती, कुंपण, झाडं यांनी ताशा थोडा अडतो, ढोल अडत नाही. म्हणून काही ठिकाणच्या नियमांत खर्जासाठी 'सी' वेटिंगची वेगळी मर्यादा असते. 'आमच्या अ‍ॅपवर तर कमीच दाखवतं' हा युक्तिवाद डेप्युटीसमोर करू नका.

धार्मिक सूट : मंदिराच्या जागेला झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेचा कशासाठी वापर करायचा या नियमांत, भेदभाव होऊ नये म्हणून २००० सालचा केंद्राचा कायदा आहे, पण तो जमीनवापराबद्दल आहे, घरामागच्या प्रॅक्टिसला त्याचा उपयोग नाही. आवाजाचा नियम सगळ्यांना सारखा असेल, गाणं कुठलं, भजन का रॉक हे न बघता, तर तो टिकतो, १९८९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कार्यक्रमांच्या केसमध्ये हेच सांगितलं. उलट, बाजूच्या हायस्कूलचा मार्चिंग बँड चालतो आणि फक्त तुम्हालाच थांबवलं असं झालं तर बोलायला जागा आहे, पण शाळांच्या कार्यक्रमांना कोडमध्येच सूट लिहिलेली असते बऱ्याचदा, ते आधी वाचा.

मग करायचं काय? अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो. समजा ५० फुटांवर ९० असेल तर १०० वर ८४, २०० वर ७८, ४०० वर ७२. बॅकयार्डमध्ये शेजारी जेमतेम तेवढ्या ५० फुटांवर असेल, तर तिथे काहीच होणार नाही. इंडस्ट्रियल पार्कमधल्या एखाद्या गोडाऊनचं पार्किंग शनिवारी रिकामं असतं, मालकाकडून लेखी परवानगी घ्या, घरांपासून दूर बघा. काउंटीच्या पार्कात करायचं तर आधी परमिट काढा, आणि अर्जात 'कल्चरल म्युझिक' असं गुळमुळीत न लिहिता ड्रम्स किती, वेळ कोणती ते स्पष्ट लिहा, नाहीतर ऐनवेळी रेंजर येऊन थांबवतो. निम्म्या प्रॅक्टिस पॅडवर किंवा टायरवर घ्या, हात तिथेही बसतो. विसर्जनाच्या दिवसाचं परमिट वेगळं, त्याला मिरवणूक असेल तर रस्त्याचंही, आणि ते अर्ज सहसा काही आठवडे आधी द्यावे लागतात.

तक्रार करणाऱ्या घरी पेढे घेऊन जा. कोणी केली माहीत नसेल तर आजूबाजूच्या सगळ्याच घरी जा.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीला. आमचं 'टाउनशिप' आहे, सिटी नाही, म्हणजे आम्ही पण अनइन्कॉर्पोरेटेड का? – एक वाचक

नाही. न्यू जर्सीत शहराबाहेरचा भाग उरलेलाच नाही, राज्याचा प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या म्युनिसिपालिटीत येतो आणि टाउनशिप हीही म्युनिसिपालिटीच. तुमच्याकडे टाउनशिपचा ऑर्डिनन्स आणि टाउनशिपचे पोलिस. राज्याचे जे आकडे नेटवर सापडतात, दिवसा ६५ आणि रात्री ५०, ते कारखाने, दुकानं अशांच्या आवाजासाठी आहेत, शेजाऱ्याच्या पार्टीला लावू नका.

प्रश्न : एवढा प्रगत देश, पण दर काउंटीला वेगळा नियम. आवाजाचा देशभर एकच कायदा का नाही? – एक आजोबा, मुलाकडे आलेले

आजोबा, कायदा आहे, १९७२ चा नॉइज कंट्रोल अ‍ॅक्ट. ईपीए या केंद्राच्या पर्यावरण संस्थेत आवाजासाठी वेगळं ऑफिसही काढलं होतं. त्यांनी १९७४ मध्ये अभ्यास करून सांगितलं की घराबाहेर दिवसरात्र मिळून सरासरी ५५ डेसिबल आणि घरात ४५ असावेत, आणि सरासरी काढताना रात्रीच्या आवाजात १० डेसिबल वाढवून धरावेत, कारण झोपमोड जास्त छळते. पण ती शिफारस होती, नियम नाही. पुढे रेगन यांच्या काळात हा विषय राज्यांनी आणि गावांनी बघावा असं ठरलं आणि १९८२ मध्ये त्या ऑफिसचा पैसाच बंद झाला. कायदा रद्द झालेला नाही, पुस्तकात आहे, चालवायला माणसं नाहीत. त्यामुळे ओझं काउंटीवर, आणि काउंटीला किती अधिकार द्यायचे ते राज्य ठरवणार, म्हणून कॅलिफोर्नियात डेसिबलचे तक्ते आणि टेक्सासमध्ये एक पीनल कोड.

प्रश्न : शहराबाहेर पाच एकर घेऊन घर बांधलं, शांततेसाठी. पलीकडच्या शेतावर पहाटे चारला कोंबडे आणि कापणीच्या दिवसांत रात्री ट्रॅक्टर. तक्रार कोणाकडे करायची? – एक जोडपं

शेत तुमच्या आधीपासून असेल तर कोणाकडेच नाही. 'राइट टू फार्म' कायदे पन्नासही राज्यांत आहेत, ते नेमके अशाच तक्रारींपासून शेतकऱ्याला वाचवायला केलेत, म्हणजे मागाहून राहायला आलेल्या माणसाने चालू शेतीला उपद्रव म्हणू नये. राज्याराज्यात अटी वेगळ्या आहेत, पण रात्रीचा ट्रॅक्टर सहसा त्यात बसतो. अपवाद एकच : ते शेत नसून कोणीतरी हौसेने अंगणात चार कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला असेल, तर तो शेतीत मोडेलच असं नाही, तिथे काउंटीचं झोनिंग बघा, कोंबडा ठेवायला किती जागा लागते ते लिहिलेलं असतं, आणि फोन शेरीफला न करता अ‍ॅनिमल कंट्रोलला करा.